पहिल्या पानावरचा दारवान

माझी वहिनी दात बनवते. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, मेणावर दात बसवते, हिरड्या घडवते, घासून घासून चकचकीत करते आणि डबीत घालून परत पाठवते. ज्याच्या तोंडात ती कवळी जाते त्याने तिला कधी पाहिलेलंच नसतं. तो आभार मानतो डॉक्टरचे. वहिनीला याचं काही वाटत नाही, मला मात्र वाटतं. मी बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसते; मला लोक निदान शिव्या तरी देतात.

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दातांवरून नाही, एका खेळावरून.

वहिनीने एक खेळ बनवला. टेबलाभोवती बसून खेळायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण खेळ चालवतो आणि जग सांगतो: समोर दरवाजा आहे, अंधारून आलंय, पलीकडून घोड्याच्या टापा ऐकू येतायत. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस होतात आणि आपला माणूस काय करू पाहतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येकाला तीन फासे. मंत्र म्हणून काही साधायचं असेल तर साधतं, पण त्याची किंमत म्हणून एक फासा कायमचा वहिनीच्या डब्यात. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, एकदा गंमत म्हणून दोन मंत्र म्हटले आणि उरलेल्या खेळात लंगडत बसला. ते फासेही तिनेच घडवले, कवळ्यांच्या उरलेल्या मालातून. हिरड्यांसारखे गुलाबी, वर दातांचे पांढरे ठिपके. पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला शिसारी आली होती. आता दुसरे फासे हातात धरवत नाहीत.

खेळ काही तिने हवेतून काढला नाही. तो आहे वणवाच्या पुस्तकांवरून. वणवा ही तलवारवाली बाई. एके काळी बस स्टँडवरच्या स्टॉलवर तिची पातळ पातळ पुस्तकं टांगलेली असायची, तीस-एक तरी असतील. दर पुस्तकात एक गाव, त्या गावाच्या मानेवर बसलेला एक दुष्ट मांत्रिक. वणवा येते, दरवाजावरच्या दारवानाला उभा चिरते, आत शिरते, मांत्रिकाचं डोकं उडवते, मागे अर्धं गाव पेटलेलं असतं आणि ही पहाटे घोड्यावरून निघून जाते. वहिनीचे वडील एका गोदामावर वॉचमन होते. ड्यूटीवर झोप येऊ नये म्हणून ती पुस्तकं भाड्याने आणायचे, आणि सकाळी घरी आले की लेकीच्या हातात पडायची. तिने लहानपणी त्यांना विचारलं होतं म्हणे, की बाबा, दर वेळी वॉचमनच का मरतो? ते हसले. म्हणाले, कोणीतरी पहिल्या पानावर मरावंच लागतं, त्याशिवाय तलवारीला धार आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? मी असतो तर दरवाजा उघडून बाजूला झालो असतो.

वडील गेले. पुस्तकं तिने जपून ठेवली, आणि त्यांचा खेळ करायचं डोक्यात घेतलं. कामावरून यायची, हातावरचं प्लास्टर खरवडायची, स्वयंपाक उरकायची आणि जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसायची. वर्षानुवर्षं. दादा त्याला पोरखेळ म्हणायचा. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो, पण घरी बायकोचं काय अडलंय ते मात्र कधी विचारणार नाही. मी त्याला हे तोंडावर सांगितलंय.

आणि अडलं होतं. पुस्तकात नायिका एक, टेबलाभोवती खेळणारे अनेक. वणवा कोण होणार? पहिल्यांदा खेळलो तेव्हा दादा झाला, आणि मग सगळं त्यानेच केलं. तोच लढला, तोच जिंकला, तोच घोड्यावर बसला. मी अख्खी दुपार त्याचा घोडा धरून उभी. आठवड्यातून एक सुट्टी मिळते मला, ती काय भावाचा घोडा धरण्यात घालवायची? मी फासे आपटले आणि उठले. पुढे बरेच दिवस वहिनीने खेळाचं नाव काढलं नाही. मग एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, वणवा कोणीच व्हायचं नाही. वणवा येते आणि जाते. आपण व्हायचं ते गाव.

बस. तिथून खेळ सुटला. आम्ही झालो कधी पाव भाजणारी भट्टीवाली, न्हावी, कधी पाणी भरणारा, मांत्रिकाच्या घरची मोलकरीण. वणवा येणार हे कळलेलं, मांत्रिक नको हेही खरं, पण आपलं छप्पर वाचवायचं कसं? शेजारणीशी असलेलं भांडण आज मिटवायचं की नाही? देवाशपथ सांगते, मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीसाठी इतकी जीव तोडून भांडले नसेन जितकी त्या खोट्या भट्टीसाठी भांडले. दादासुद्धा रविवारची वाट बघायला लागला, कबूल मात्र केलं नाही.

मग आला छापखानेवाला. औषधाच्या बाटल्यांची लेबलं आणि खोकी छापतो, दादाचा दोस्त. एकदा खेळायला बसला आणि उठेचना. म्हणाला, हे मी छापतो, खोकं माझं, छपाई माझी, फक्त पुस्तकवाल्याची परवानगी आणा. लगेच पुढचं पाऊलही टाकलं पठ्ठ्याने: खोक्यावर वणवाचं चित्र टाकू, अंगावर कपडे जरा बेताचेच. मी त्याला विचारलं, बर्फातून येते ना ती, मग कपडे काय तू उतरवून घेतलेस? तो विषय तिथेच मिटला.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वणवाचा लेखक अजून होता. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायची नोकरी करून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, ताठ कण्याचा म्हातारा. आम्ही त्यांना लेखककाका म्हणू. वहिनीने फोन केला, सगळं नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे माझ्याच वणवाच्या खेळात माझी वणवा नाही? वहिनी म्हणाली, आहे, पण ती कोणाच्या हातात नाही. ते म्हणाले, ही भातुकली आहे, आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा केला तर तेच. अहो, तीस पुस्तकं लिहिलीत, ती आता रद्दीतही कोणी उचलत नाही; एक बाई आपलं आयुष्य त्यांत घालते आणि तुम्ही नाकाने कांदे सोलता? हे मी मनात नाही म्हटलं, तिसऱ्या फोनवर म्हटलं. वहिनीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. आणि गंमत बघा, त्याच फोनवर ते यायला तयार झाले. म्हणाले, एकदा खेळून बघतो आणि तोंडावर नाही म्हणतो.

तर ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. टेबलाशी आम्ही चौघं: ते, मी, दादा, छापखानेवाला. खेळ चालवणार वहिनी. कोणी कोण व्हायचं ते चिठ्ठी उचलून ठरतं. मला भट्टीवाली आली, दादाला न्हावी, छापखानेवाल्याला नालवाला. लेखककाकांनी चिठ्ठी उघडली आणि टेबलावर टाकली. दारवान.

वहिनीने मुद्दाम केलं असं अजूनही दादा म्हणतो. नाही केलं. चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या.

काका हसले, चांगलं नाही. म्हणाले, हे मीच लिहिलंय, दारवान अर्ध्या ओळीत मरतो, झाला माझा खेळ, चहा द्या. वहिनी म्हणाली, ती संध्याकाळी येते काका, आत्ता दुपार आहे. दारवान काय करतोय? ते म्हणाले, बसलाय. कशावर? स्टुलावर. हातात काय आहे? आता हा माणूस हाडाचा लेखक, गप्प बसवेना. म्हणाले, जोडा शिवतोय, मुलीचा. टाच उसवलीये. मग म्हणाले, त्याचा गुडघा दुखतो म्हणून तो उभा राहून पहारा देत नाही. मग त्याला बायको आली, तिच्या हाताला चव नाही पण हा कधी बोललेला नाही. मग एक धाकटा भाऊ आला, कामाचा ना धामाचा, थोरल्याच्या जिवावर जेवणारा. माझ्या भट्टीवर येऊन त्याने उधार पाव मागितला, मी दिला नाही, त्यावरून आमची चांगली जुंपली. चहा झाला तोवर त्या दारवानाला इतकं काही होतं की आमच्या तिघांना मिळून नव्हतं. वहिनीच्या डोळ्यांत मला दिसत होतं, जमतंय. छापखानेवाल्याने टेबलाखालून खूण म्हणून माझ्या पायाला पाय लावला.

एकच खोड होती. काकांना काय झालं ते सांगायची सवय. टेबलावर तुम्ही सांगायचं, माझा माणूस अमुक करू बघतो. ते सांगायचे, दारवान भिंतीवर चढतो आणि दूरवर धूळ दिसते. वहिनी म्हणायची, चढू बघतो, फासे टाका. ते चिडायचे. मी लिहिलंय म्हणजे तो चढला, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर कोणी त्यांना अडवलं नव्हतं. कागद थोडाच म्हणतो, थांबा, फासे टाका.

मग संध्याकाळ झाली. वहिनीने आवाज न चढवता सांगितलं, बर्फ पडतोय, घोडा दरवाजासमोर थांबला, वणवा उतरली, तलवार उघडी आहे, ती म्हणाली, उघड. वहिनीने काकांकडे बघितलं. म्हणाली, बाजूला होता येतं, काका. मला माहीत होतं हे कोणाचं वाक्य आहे ते.

काका म्हणाले, "तो बाजूला होणार नाही. आत त्याची माणसं आहेत." आणि लगेच गाडी सुरू, की दारवान तिचा पहिला वार भाल्याच्या दांड्यावर घेतो, डावीकडे सरकतो, आणि आजवर कोणी केलं नाही ते करतो, तिच्या खांद्याला जखम करतो.

"करू बघतो," वहिनी म्हणाली. "सोळा किंवा वर."

तीन फाशांत सोळा म्हणजे काय ते खेळणाऱ्याला विचारा. क्वचित पडतं. आणि आकडा सांगणं वहिनीच्या हातात होतं, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक. आठ म्हटलं असतं तर कोणी चौकशी केली असती? म्हातारा वाचला असता, खूश झाला असता, परवानगी खिशात. छापखानेवाल्याने घसा खाकरला. दादाने चक्क भुवया उडवल्या. मी तर पायाने तिची खुर्ची हलवली.

काकांचा चेहरा लाल झाला. सोळा का, म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, हे तुम्हीच ठरवलंय काका, तुमच्या एकाही पुस्तकात तिला दरवाजावर कोणी अडवलेलं नाही. तेव्हा मी त्या माणसांना ओळखत नव्हतो, काका म्हणाले. आणि मग ते असे तडकले की बोलायची सोय नाही. हा काय न्याय झाला? त्या बिचाऱ्याचा गुडघा दुखतो, त्याची पोर जोड्याची वाट बघत्येय, मांत्रिकाशी त्याचं देणं ना घेणं, आणि ही कोण टिकोजीराव घोड्यावरून येते आणि त्याला कापते? हे ते, वणवाचे बाप, वणवाबद्दल बोलत होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड; पण शेळीची बाजू खुद्द खाणाऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

शेवटी म्हणाले, "मी आता वेगळं ठरवतो. तो वाचतो."

"पुस्तकात ठरवा," वहिनी म्हणाली. "इथे फासे टाका."

त्यांनी टाकले. अकरा पडले. वहिनीने दोन वाक्यांत सांगितलं की दारवान पडला, आणि वणवा त्याला ओलांडून आत गेली. नाट्य नाही, काही नाही. काका उठले, छत्री घेतली, म्हणाले, माझ्या पुस्तकांना हात लावायचा नाही, आणि दार ओढून गेले. छापखानेवाला उठता उठता म्हणाला, आता काय, लेबलं बरी.

मग मी वहिनीवर सुटले. दादाला कधी नव्हे ते मी गप्प बसवलं, कारण हे माझंच काम होतं. म्हटलं, तुझ्या इमानदारीचं लोणचं घाल. इतकी वर्षं तू पाठ मोडून घेतलीस, आणि एक आकडा, तोंडाने बोलायचा एक आकडा तुला जड झाला? कोणाचं काय बिघडलं असतं? खेळच तर आहे. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिने वर बघितलं.

"त्यांना वाचवून परवानगी घेतली असती," ती म्हणाली, "तर मग खोक्यात काय घातलं असतं? माझे बाबा रोज त्या दरवाजावर बसायचे, तेव्हा त्यांच्यासाठी आठ कोणी म्हणणार होतं का?"

मी आणखी चिडले. आठवडाभर घरात कोणी धड जेवलं नाही. वहिनी कामाला जायची, यायची, झोपायची. टेबलाचा कोपरा रिकामा. मी खिडकीत बसून प्रवाशांवर राग काढला. एकाने बिचाऱ्याने फक्त प्लॅटफॉर्म विचारला होता.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात लेखककाका. आमंत्रण नाही, फोन नाही. शर्ट इस्त्रीचा नव्हता. छत्री कोपऱ्यात टेकवता टेकवता म्हणाले, छापखानेवाल्याला सांगितलंय मी, छाप म्हणून. जणू काही दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणून सांगितलं. आम्ही आठवडा सुतकासारखा काढला आणि या माणसाने हे असं, दारात उभं राहून, उडवून टाकलं. मी दोन शब्द सुनवायला तोंड उघडलंच होतं. ते सरळ टेबलाशी जाऊन बसले आणि वहिनीला विचारलं, "त्याच्या घरी कोण सांगायला गेलं?"

वहिनी म्हणाली, अजून कोणी नाही. ते म्हणाले, मग मी जातो, मी त्याचा भाऊ. दादा खुर्ची ओढून बसला, मी त्याच्याशेजारी. वहिनीने गुलाबी फासे काकांपुढे ठेवले आणि सांगितलं, रात्र आहे, गाव जळतंय, पण या गल्लीपर्यंत आग आलेली नाही. दार तुमच्या भावजयीने उघडलं. मग ती स्वतः ती बाई झाली. म्हणाली, आलात का भाऊजी? यांना घेऊन यायचं ना, जेवण निवतंय.

तीस पुस्तकं लिहिलेला माणूस, गावंच्या गावं जाळलेला, त्याला एक वाक्य फुटेना. मला वाटलं, बरं झालं, जिरली. ते फासे हातात घेऊन चाळवत बसले. मग हळूच विचारलं, कितीच्या वर पडायला हवं?

"याला फासे नाहीत, काका," ती म्हणाली. "नुसतं सांगायचं."

त्यांनी फासे खाली ठेवले. वहिनीकडे, त्या दारातल्या बाईकडे बघितलं, आणि वाईट, अडखळत, चुकीच्या जागी थांबत म्हणाले, "वहिनी... दादा आता येणार नाही."

माझा दादा माझ्या शेजारीच बसला होता, धडधाकट, तोंडात बडीशेप चघळत. तरी मी टेबलाखालून त्याचा हात घट्ट धरला, आणि त्यानेही सोडवून घेतला नाही.